शेक अल-बिंतचं बी मिळालं, तर सीरियन लताकिया परत येईल का?

प्रश्न असा आहे: पाइपमध्ये ओढायच्या तंबाखूच्या जुन्या इंग्लिश धाटणीच्या मिश्रणांत पडणारा, धुरी दिलेल्या काळ्या पानाचा सीरियन लताकिया आता मिळत नाही. त्याच्या मूळ जातीचं, शेक अल-बिंतचं, बी हाती लागलं तर तो पुन्हा तयार होईल का? आणि सायप्रसचा लताकिया मिळतोच आहे, तर त्यावर का भागत नाही?

बी मिळण्याला लोक फार महत्त्व देतात. माझ्या मते या कामातला तो सगळ्यात सोपा भाग आहे. लताकिया ही तंबाखूची जात नाही, ती पानावर केलेली प्रक्रिया आहे: उन्हात वाळलेल्या ओरिएंटल (पूर्व भूमध्यसागरी भागातल्या लहान, सुगंधी) पानाला तीन-साडेतीन महिने विशिष्ट लाकडांची धुरी. शंभर किलोच्या आतलं, खरोखर चांगलं पान दोन-तीन हंगामांत बनवता येईल. मिश्रणं करणाऱ्या कारखान्यांना दरवर्षी टनावारी पुरेल इतकं पान बनवायचं म्हटलं, तर अडचण शेतात येत नाही, जंगलात आणि कायद्यात येते.

सीरियात हे पान लताकिया बंदराच्या मागच्या डोंगराळ भागात होई. पानं फुलोऱ्यासकट उन्हात जमिनीवर वाळवत, मग कोठारात टांगून साधारण 13 ते 15 आठवडे धुमसत्या विस्तवावर धरत. लाकूड जवळच्या बायर जंगलातलं: मुख्यतः तुर्की ओक, वलोनिया ओक आणि पाइन, जोडीला थोडं सीडर आणि जुनिपर. (जुन्या याद्यांत ‘अलेप्पो पाइन’ लिहिलेलं असतं. त्या डोंगरांत मात्र आज जास्त करून दिसतो तो ब्रुशिया पाइन. वनस्पतिशास्त्रज्ञ पूर्वी त्याला अलेप्पो पाइनचाच उपप्रकार धरत, त्यामुळे यादी वाचून भलतं लाकूड मागवू नका.) सायप्रसचं पान मुळात स्मर्ना म्हणजे इझमीर जातीचं. तिकडे धुरीला बहुतांशी मस्तकीचं झुडूप वापरतात, त्यात थोडं मर्टल, पाइन आणि सायप्रेस नावाच्या सूचिपर्णी झाडाचं लाकूड. म्हणजे दोन्ही पानांत जातही वेगळी आणि धूरही वेगळा. सायप्रसचं पान गोडसर, चामड्याच्या वासाचं, जाडसर धुराचं. सीरियनचा धूर अधिक कोरडा, धारदार, वाइनकडे झुकणारा. म्हणून एकाच्या जागी दुसरं घातलं की मिश्रणाचा तोल जातो. 1960च्या दशकापासून नामांकित मिश्रणांतून सीरियन पान कमी होत गेलं, तेव्हा ओढणाऱ्यांच्या हे लक्षात आलंच होतं.

आता पहिली खरी अडचण, जिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही: नमुना कशाला मानायचं? आज ज्यांनी सीरियन लताकिया चाखलाय, त्यांनी तो बहुतेक वीस-चाळीस वर्षं बंद डब्यात मुरलेला चाखलाय. इतक्या वर्षांत धुरातले हलके, झोंबणारे घटक कमी होतात, मिश्रणातल्या व्हर्जिनिया या गोडसर तंबाखूचा गोडवा सगळीकडे पसरतो आणि सगळं मिश्रण एकजीव होतं. कोठारातून नुकतं उतरवलेलं पान असं लागत नसे. तुमचं पान पहिल्या वर्षी कडक आणि उग्र लागलं, तर तेवढ्यावरून ते फसलं असं म्हणता येणार नाही. ज्यांच्याकडे जुने डबे आहेत, त्यांनी मिश्रण न ओढता चिमट्याने लताकियाच्या काळ्या पट्ट्या वेगळ्या काढून प्रयोगशाळेला द्याव्यात. त्या पट्ट्यांतही शेजारच्या पानांचा वास भिनलेला असतो, तरी धुराची ओळख टिकते.

ती ओळख कशी पटते, तेही सांगतो, कारण पुढचा सगळा प्रयोग यावर उभा आहे. लाकूड धुमसताना त्यातल्या लिग्निनचं विघटन होऊन फिनॉल वर्गातले पदार्थ धुरात येतात. पाइनसारख्या सूचिपर्णी लाकडातून मुख्यतः ग्वायाकॉल आणि त्याची भावंडं मिळतात. ओकसारख्या रुंदपर्णी लाकडातून ग्वायाकॉलबरोबर सिरिंगॉलही भरपूर येतं. त्यामुळे पानातलं सिरिंगॉल आणि ग्वायाकॉल यांचं प्रमाण पाहिलं की ओक जास्त होता की पाइन, याचा अंदाज बांधता येतो. मस्तकी, जुनिपर, पाइन यांतले टर्पीन उडून जाणारे असतात, जुन्या पानात त्यांच्यावर विसंबू नये.

बियाण्याबद्दल. तंबाखूच्या एका ग्रॅममध्ये साधारण दहा-बारा हजार बिया बसतात आणि कोरड्या थंड जागी त्या अनेक वर्षं उगवणक्षम राहतात, त्यामुळे जुन्या जाती सहसा पुरत्या नष्ट होत नाहीत. अमेरिकेच्या निकोटियाना जनुकसंग्रहातच दोन हजारांहून जास्त नमुने आहेत. पण पाकिटावर नाव आहे म्हणून आत तीच जात आहे असं धरू नका. तंबाखू मुख्यतः स्वपरागित असली तरी शेजारच्या ताटव्यातून मधमाश्यांनी थोडं परागण होतंच. पाच-सहा पिढ्या कुणी फुलं न झाकता बी धरलं असेल, तर जात भेसळलेली असते. पहिल्या वर्षी किमान शंभर झाडं लावा. उंची, पानाचा आकार, देठ आहे की नाही आणि फुलांचा रंग पाहून बेताल झाडं उपटा. उरलेल्यांपैकी पंधरा-वीस झाडांचे फुलोरे कळ्या उमलण्याआधी पातळ जाळीच्या पिशवीत बांधून त्यांचंच बी धरा.

लागवड ओरिएंटल पद्धतीने करायची, म्हणजे झाडाला उपाशी ठेवायचं. 500 चौरस मीटरला साधारण 8,000 रोपं बसतात: ओळींत 45 सेंटिमीटर, रोपांत 14. सुमारे 4 चौरस मीटरच्या गादीवाफ्यावर 2 ते 3 ग्रॅम बी वाळूत किंवा राखेत मिसळून फेकायचं आणि मातीने झाकायचं नाही, कारण या बियांना उगवायला उजेड लागतो. सहा ते आठ आठवड्यांत रोप लावणीला येतं. नत्र हेक्टरी 20 किलोच्या वर नको, म्हणजे या तुकड्याला जेमतेम एक किलो. रोपं जीव धरेपर्यंत पाणी, नंतर बंद. शेंडा खुडायचा नाही. शेंडा खुडला, खत घातलं, पाणी दिलं की पान मोठं, जाड आणि निकोटिनने जड होतं, आणि ओरिएंटलचा सुगंध ज्या डिंकासारख्या स्रावातून येतो तो पातळ पडतो. अनुभवी शेतकऱ्यालाच हे जड जातं, कारण भरघोस पीक घेण्याचा त्याचा हात असतो. एवढ्या जागेत 50 किलोच्या आसपास वाळलं पान मिळालं तर पीक चांगलं आलं समजावं.

वाळवणीला पाऊस किंवा दव लागू देऊ नका. हिरवट राहिलेलं पान धुरीत काळं होतं खरं, पण ओढताना गवतासारखं कडवट लागतं आणि हा दोष कितीही मुरवलं तरी जात नाही. पिवळं-तपकिरी होऊन मधली शीर कडकन मोडेपर्यंत वाळवा.

आता धुरीचा प्रयोग. एक मोठं कोठार बांधून सगळं पान एकदम टांगलं, तर चुकलं काय आणि साधलं काय, ते कधीच कळणार नाही. त्याऐवजी 1.2 मीटर लांब-रुंद आणि 2 मीटर उंच अशा पाच खोल्या करा. प्रत्येकीत 9 किलो पान, आणि 5 किलो पान धुरी न देता बाजूला. पहिलीत निव्वळ ओक. दुसरीत निव्वळ पाइन. तिसरीत चार भाग ओक, एक भाग पाइन. चौथीत तेच, पण शेवटच्या तीन आठवड्यांत शेकडा 3 ते 5 जुनिपर. पाचवीत ओक आणि मस्तकी निम्मे-निम्मे, सायप्रसशी ताडून पाहायला. आणि चौथ्या खोलीत एका दांडीवर 2 किलो विकत आणलेलं, उन्हात वाळलेलं इझमीर पान. या सगळ्या उठाठेवीत सगळ्यात मोलाची तीच दांडी. डोळे बांधून चाखणाऱ्यांना चौथ्या खोलीतलं शेक अल-बिंत आणि इझमीर वेगळं ओळखता आलं नाही, तर बियांच्या शोधावर आणखी एक दिवसही घालवू नये.

विस्तव खोलीच्या बाहेर खड्ड्यात ठेवून धूर दीड-दोन मीटरच्या चरातून आत घ्यावा. तसं जमत नसेल तर खोलीतच खड्डा, त्यावर 60 सेंटिमीटर उंचीवर भोकांचा लोखंडी पत्रा, आणि सगळ्यात खालचं पान खड्ड्यापासून किमान सव्वा मीटर वर. कोरडी तंबाखू आणि ज्वाळ यांच्यात एवढंच अंतर असतं, त्यामुळे पहिले दोन आठवडे रात्री कुणीतरी जागं राहणं भाग आहे. लाकडात 20 ते 30 टक्के ओलावा असावा. त्याहून कोरडं लाकूड पेटतं, ज्वाळेत फिनॉल जळून जातात आणि उरते काजळी. अगदी ओलं लाकूड आंबट, डोळ्यांत चुरचुरणारा धूर देतं, तो पानावर डांबरासारखा बसतो. रोज प्रत्येक खोलीला 3 किलोच्या आसपास लाकूड पुरेल, म्हणजे 95 दिवसांत पाच खोल्यांना 1,400 किलोच्या घरात.

पानाभोवतीची हवा 30 ते 40 अंश सेल्सिअस ठेवा. 50च्या वर गेली की पान कुरकुरीत होतं, आणि कोरडं पान धूर नीट घेत नाही. धुरातले पदार्थ किंचित ओलसर पृष्ठभागावर चांगले बसतात. म्हणून पहाटे, हवेतल्या ओलाव्याने पान मऊ असतं तेव्हा विस्तव वाढवायचा, दुपारी विझत ठेवायचा, रात्री पानाला परत ओलावा घेऊ द्यायचा. ही चढउतार हाच त्या 13–15 आठवड्यांचा अर्थ आहे. घाई म्हणून सलग चार आठवडे दाट धूर दिला तर पान वरून काळं होतं, आत तपकिरी राहतं, आणि वास ओल्या राखेचा येतो.

बिघाड कुठे होतो? सगळ्यात नेहमीचा म्हणजे छतावरून ठिबकणारं काळं पाणी. पत्र्याच्या थंड छतावर धुरातली वाफ थिजते, थेंब पानावर पडतात आणि तिथे कडू ठिपके उमटतात. छताखाली 20 सेंटिमीटरवर बोरूची किंवा वेताची चटई बांधा आणि आढ्याला दोन बोटांची फट सोडा. दुसरा बिघाड बुरशीचा: विस्तव दोन दिवस बंद आणि हवा दमट असेल तर मधल्या शिरेवर पांढरी लव दिसते. अशी पानं काढून फेकायची, धुरीने बुरशी झाकून टाकायची नाही. तिसरा असमानपणाचा, खालच्या दांड्या जास्त धूर खातात. दर आठवड्याला खालची दांडी वर, वरची खाली. आणि एक सक्त सूचना: डोंगरातलं दिसेल ते सुगंधी झुडूप विस्तवात टाकू नका. त्या भागात ओढ्याकाठी गुलाबी फुलांची कण्हेर उगवते, तिचा धूरही विषारी असतो. पाइनचं राळेने भरलेलं गाभ्याचं लाकूडही टाळावं, ते भडकतं आणि काजळी धरतं.

चाखणी कोठारातून काढलेल्या ताज्या पानावर कधीच करू नये. आठव्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला प्रत्येक खोलीतून मूठभर पान घ्या, 14–15 टक्के ओलाव्यावर आणून बंद बरणीत दहा दिवस ठेवा, मग ते शेकडा 20 आणि साधा पिवळा व्हर्जिनिया शेकडा 80 असं मिसळून ओढा. निव्वळ लताकिया ओढून त्याची प्रत कळत नाही. धुरी पुरी झाल्यावर पान घट्ट दाबून तागाच्या गाठींत बांधायचं, महिन्यातून एकदा मध्ये हात घालून उष्णता पाहायची, गरम लागलं तर गाठ सोडून परत बांधायची. सहा महिन्यांआधी निवाडा करू नका, दोन वर्षांनी केला तर उत्तम.

आरोग्याचं सरळ सांगून ठेवतो. कोणतीही तंबाखू निर्धोक नाही, आणि धुरी दिलेल्या पानात तंबाखूतले नायट्रोसामाइन आणि बेंझोपायरीनसारखे कर्करोगकारक पदार्थ उन्हात वाळलेल्या पानापेक्षा जास्त असतात. नत्र कमी देणं आणि ज्वाळ न उठू देणं याने ते काहीसे आटोक्यात राहतात, जात नाहीत. कोणताही जबाबदार खरेदीदार आधी याचा तपासणी अहवाल मागेल, तेव्हा प्रत्येक खोलीचा वेगळा करून घ्या.

इथवर सगळं जमण्यासारखं आहे. आता हिशेब वाढवून पाहा. छोट्या खोल्यांत किलोभर पानाला सुमारे 30 किलो लाकूड लागलं. मोठ्या कोठारात ते निम्म्यावर आलं असं धरलं, तरी 10 टन पानाला 150 टन लाकूड होतं, तेही दरवर्षी, हळू वाढणाऱ्या ओकचं. सीरियन लताकिया आटण्याचं मुख्य कारण जंगलतोड आणि तिला आलेली बंधनं हेच सांगितलं जातं. 2011 नंतरच्या युद्धाने उरलंसुरलं थांबवलं. त्यात ऑक्टोबर 2020 आणि जुलै 2025 मधल्या वणव्यांनी लताकियाच्या डोंगरांतलं मोठं जंगल जाळलं. तिथे आज कुणी धुरीसाठी ओक तोडायची परवानगी मागितली, तर ती मिळू नये असंच मी म्हणेन. वाट असेल तर छाटणीच्या फांद्यांची, फळबागांतल्या जुन्या झाडांची आणि सुतारकामातल्या ओकच्या भुश्शाची. भुसा चांगला धुमसतो, मात्र पाणी शिंपडून दाबून लावावा लागतो आणि त्यात रंग, गोंद, प्लायवूडचा कण असता कामा नये.

पुनरुज्जीवनाचं उदाहरण म्हणून अमेरिकेतल्या लुइझियानाच्या पेरीकचं नाव नेहमी घेतलं जातं. सेंट जेम्स पॅरिशमधली ही तंबाखू ओकच्या पिंपात स्क्रूच्या दाबाखाली स्वतःच्याच रसात वर्षभर आंबवतात. ती नामशेष व्हायच्या बेतात होती आणि सावरली. पण तिथे काम कधी तुटलं नव्हतं. पिंपं जागेवर होती, दाब कधी सैल करायचा आणि पान कधी उलटायचं हे जाणणारे हात होते, आणि पक्कं गिऱ्हाईक मिळालं. सीरियन लताकियाच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी नव्याने जमवाव्या लागतील.

गिऱ्हाइकाचीच गोष्ट पुढे नेतो. सीरियात दशकानुदशकं तंबाखूची खरेदी सरकारी मक्तेदारीकडे राहिली, त्यामुळे शेतकऱ्याशी परस्पर करार हा तिथला रिवाजच नाही. अमेरिकेने जून 2025 अखेर सीरियावरचा निर्बंधांचा कार्यक्रम संपवल्याने पैसे पाठवणं पूर्वीइतकं अशक्य नाही, बँका मात्र अजून सावध असतात. दुसरं टोक विक्रीचं. अमेरिकेत ऑगस्ट 2016 पासून पाइप तंबाखूही अन्न व औषध प्रशासनाच्या नियमांखाली आली. 15 फेब्रुवारी 2007 रोजी बाजारात नसलेलं मिश्रण विकायचं तर आधी मंजुरीची प्रक्रिया. नवं पान घालून केलेलं नवं मिश्रण नेमकं त्यातच अडकतं. म्हणून कारखानदार विचारतो, हे पान मला पुढची पाच वर्षं याच प्रतीचं मिळेल का? एका हंगामाचं 50 किलो कितीही सुरेख असलं तरी त्याला त्याचा उपयोग नसतो.

नावाचाही प्रश्न येईल. सायप्रसचं पान लताकिया म्हणून विकलं जातंच, तेव्हा तेवढा शब्द वापरायला कुणी हरकत घेणार नाही. ‘सीरियन’ हे विशेषण मात्र पान तिथे पिकलं आणि तिथेच धुरीला लागलं असेल तरच लावावं. इतरत्र केलेलं पान ‘ओकच्या धुरीचं ओरिएंटल’ म्हणून विका, जाणकार त्याचेही पैसे देतील.

आणि ज्यांना शेती-कोठार काही करायचं नाही, फक्त तो जुना कोरडा धारदारपणा हवा आहे, त्यांच्यासाठी आज मिळणाऱ्या पानांतून एक जवळची जोडणी. सायप्रस लताकियात नसतो तो ओकचा धूर, आणि तो केंटकीच्या धुरी दिलेल्या पानात सापडतो, कारण तिकडे ओक आणि हिकरीसारखी कठीण लाकडंच धुमसवतात. वजनाने सायप्रस लताकिया 30, सॅमसुन किंवा बास्मासारखं उन्हात वाळलेलं ओरिएंटल 35, लाल व्हर्जिनिया 25, केंटकी 5, पेरीक 5. ओरिएंटल आणि लताकिया आधी एकत्र करून थोडं दमट करा, दोन दिवस झाकून ठेवा, मग बाकीचं मिसळा. सगळं फळ्यांमध्ये दोन दिवस दाबून, मोकळं करून, बरणीत किमान आठ आठवडे. केंटकी 8च्या वर नेऊ नका, निकोटिन चढतं आणि ओरिएंटल दबतं. गोड फारच वाटलं तर व्हर्जिनियाला हात लावण्याआधी लताकिया पाचने कमी करून पाहा.